गोल पिनेचा कीबोर्ड

पडद्यावर पासवर्डची चौकट आली आणि सगळं तिथेच थिजलं. तिने एक कळ दाबली, मग दुसरी, मग रागाने चार एकदम. चौकट ढिम्म. माउस टेबलभर फिरवला. बाण पडद्याच्या मधोमध, खिळा ठोकल्यासारखा.

"माझ्या नवऱ्याची गत झालीय याची," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "दिवा लागलेला, पण हाक मारा, उत्तर म्हणून नाही."

एरवी ती हसली असती. पण रक्त तपासायच्या त्या छोट्या लॅबमधून गेल्या नऊ दिवसांत साखरेचे त्रेसष्ट रिपोर्ट चुकीचे गेले होते, आणि ते कोणाकोणाचे, हे फक्त या कॉम्प्युटरला माहीत होतं.

उलगडा झाला काल दुपारी. समोरच्या दुकानातला शिंपी दाराला धरून उभा होता. "हात थरथरतात गं पोरी, सुईत दोरा जाईना. गोळी दुप्पट झाल्यापासून असं होतंय." गोळी दुप्पट झाली होती लॅबच्या रिपोर्टवरून. तिने त्याला बसवून साखरपाणी पाजलं, डॉक्टरांकडे धाडलं आणि मशीनला कंट्रोल लावला. कंट्रोल म्हणजे ज्यातली साखर आधीच ठाऊक असते असा नमुना. आकडा शंभर यायला हवा होता. आला एकशे बावीस. पुन्हा लावला, एकशे तेवीस. मग तिने फ्रिज उघडला. ज्या द्रावावरून मशीन मोजायला शिकतं, त्याची बाटलीच मुदत संपलेली निघाली. झाकणावर ती उघडल्याची नऊ दिवसांपूर्वीची तारीख काकांच्या अक्षरात होती.

शिंपी सापडला. बाकी बासष्ट जण वाढवलेल्या गोळ्या घेत कुठे कुठे बसले होते, देव जाणे.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, लॅबचे मालक. ती सात वर्षांची असताना त्यांनी तिला स्टुलावर उभं करून सूक्ष्मदर्शकात रक्तपेशी दाखवल्या होत्या. विज्ञानाची पदवी तिने नंतर घेतली, पण विज्ञान त्या स्टुलावरच सुरू झालं. त्यांचा एक मंत्र होता: "काही बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदललीस तर नक्की काय चुकलं होतं ते कळायचं नाही."

काल संध्याकाळी साडेसहाला तिने सगळं त्यांच्यासमोर मांडलं. "यादी पेनड्राइव्हवर घेते काका, घरून फोन लावते." ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता दमलीस, घरी जा. सकाळी पहिलं काम हेच. दोघं मिळून करू." ती निर्धास्त झोपली.

आता तिने एक-एक गोष्ट बदलायला घेतली. माउसची वायर मागून काढून पुढच्या खाचेत घातली. काही नाही. कीबोर्ड काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावला, तिथे झकास चालला. तिथला इकडे आणला, तो मुका. म्हणजे कीबोर्ड ठीक होता. मग तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सुरू होतानाच कळ दाबून सेटिंगची निळी पाटी आणली. तिथे कीबोर्ड मुकाट्याने ऐकत होता! खालच्या ओळीवर जा म्हटलं की जात होता. पाटी मिटली, विंडोज जागं झालं, पासवर्डची चौकट आली आणि त्याच क्षणी माउसखालचा लाल दिवा विझला.

तिने तीनदा करून बघितलं. तीनदा तेच.

"काय म्हणतोय पेशंट, शास्त्रज्ञबाई?" काका दारात उभे होते. ते तिला लाडाने असंच म्हणत.

"खाचा जिवंत आहेत काका, कीबोर्डही जिवंत आहे. विंडोज आलं की दोघं मरतात. हे तुटलेलं नाही, आतून बंद झालंय."

"कशाला डोकं शिणवतेस? मी कॉम्प्युटरवाल्याला फोन केलाय. अकराला येतो. सगळं पुसून नव्याने टाकू म्हणाला."

"पुसून? आणि यादी?"

"गेली तर गेली. यंत्र आहे, त्याला कोण काय करणार?"

ते बेसिनकडे वळून हात धुऊ लागले. दिवसाकाठी पन्नासदा धूत. पण आज त्यांनी अजून एकाही नमुन्याला हात लावला नव्हता. हे तिने पाहिलं आणि त्याचा विचार करायचं टाळलं.

दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"मावशी, माळ्यावर जुना कीबोर्ड होता ना? गोल पिनेचा?"

"तो पिवळा पडलेला? खोक्याखाली दबलाय. त्याच्यावर भात शिजवायचाय का?"

"शिजला तर तुम्हाला पहिला घास."

या मशीनच्या मागे तसली एक जांभळी गोल खाच होती. धूळ इतकी की फुंकर मारावी लागली. तिने मशीन बंद केलं, बाकी वायरी तशाच ठेवल्या आणि फक्त ती गोल पिन बसवली. एका वेळी एकच गोष्ट. पासवर्डची चौकट आली. तिने एक अक्षर दाबलं.

चौकटीत ठिपका उमटला.

आतलं काही बदलायचं तर मालकाच्या खात्यातूनच जावं लागे, आणि तो पासवर्ड तिला आणि काकांनाच ठाऊक होता. माउसशिवाय, बाणांच्या कळांनी एक-एक पायरी उतरत ती उपकरणांच्या यादीपर्यंत पोचली. ज्या ज्या ओळीत यूएसबी हा शब्द होता, म्हणजे पेनड्राइव्ह, माउस, कीबोर्ड सगळ्यांच्या चपट्या खाचा, त्या प्रत्येक ओळीवर खाली वळलेला छोटा बाण. बंद. बंद. बंद. मग कोणी कधी काय बदललं त्या नोंदी तिने उघडल्या. काल, सात वाजून बारा मिनिटं. खातं: मालक.

साडेसहाला डोक्यावर हात. सात-बाराला हे.

तिला ते दृश्य दिसलंच. काका चष्मा कपाळावर सरकवून, एक-एक ओळ शोधून बंद करताहेत. शेवटच्या ओळीबरोबर हातातला माउसही मेला असणार, आणि त्यांनी दचकून बटण दाबून मशीन बंद केलं असणार.

मागे पाऊल वाजलं.

"मला वाटलं, फक्त पेनड्राइव्ह बंद होईल," काका म्हणाले.

तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं. पडद्यावरचे बाण त्यांनी स्वतःच वाचले होते.

"आणि पुसायचं?" तिने विचारलं. "तेही चुकूनच?"

"तीस वर्षांचं नाव आहे गं. एका बाटलीपायी..."

"शिंप्याच्या सुईत दोरा जात नव्हता काका."

तिने ओळी पुन्हा चालू केल्या. माउसचा लाल दिवा लागला. तिने पेनड्राइव्ह घातला, यादी उतरवली, शिवाय छापूनही घेतली. कॉम्प्युटरवाला आला, तेव्हा "काम झालं" म्हणून मावशींनीच त्याला जिन्यावरून परत पाठवला. यादीतलं पहिलं नाव एका निवृत्त शिक्षकांचं होतं. तिने काउंटरवरचा फोन उचलला.

"सर, लॅबमधून बोलतेय. तुमचा मागचा रिपोर्ट चुकलाय. साखर दाखवली त्यापेक्षा कमी असणार. गोळी वाढवली असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. परत तपासून देतो, लगेच या."

पलीकडे सर समजुतीने हसले.

"तू पुतणी ना? नवीन आहेस बाळ. तुझीच काही गफलत असेल. काकांना दे फोन. ते सांगतील ते खरं."

तिने रिसिव्हर काकांसमोर धरला. त्यातून "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं. काकांनी रिसिव्हरकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे; आणि ते बेसिनकडे गेले. नळ सुटल्याचा आवाज आला.

तिने रिसिव्हर परत कानाला लावला.

"सर, काका इथेच आहेत," ती म्हणाली. "पण खरं मीच सांगते. ऐका."