डाव्या विंगेतली भिंत

पडदेकाकांच्या थापा एकीवर एक रचल्या असत्या तर थेट नाट्यगृहाच्या छताला लागल्या असत्या. आणि ते छतही, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, पूर्वी बरंच खाली होतं. एका गायिकेचा सूर असा काही चढला की बिचाऱ्याला वर सरकावं लागलं. चाळीस वर्षं काकांनी तिथला पडदा ओढला. त्यांचं बोलणं कुणी खरं मानायचं नाही, आणि त्यातच सगळ्यांचं भलं होतं.

पुढे ते नाट्यगृह बंद पडलं. भर बाजारपेठेत वीस वर्षं प्लायवूडचं गोदाम होऊन राहिलं. मग कुणाला तरी जाग आली आणि ते होतं तसंच्या तसं उभं करायचं ठरलं. पिवळं हेल्मेट घातलेल्या आर्किटेक्ट बाई काकांच्या घरी आल्या, समोर रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाल्या, आठवेल ते सगळं सांगा. एवढ्या प्रेमानं ऐकून घ्यायची काकांना सवय नव्हती. ते सुटलेच. बोलता बोलता डाव्या विंगेत त्यांनी एक चोरदार पाडलं आणि त्यातून दर शनिवारी एक राजपुत्र वेश बदलून आत आणला. राजपुत्राला खोकल्याची ढास होती, हेही सांगितलं; तपशील दिला की थाप पक्की बसते.

महिन्याभरात नकाशे लागले. डाव्या विंगेतली भिंत फोडून 'मूळ राजद्वार' पुन्हा उघडायचं होतं.

काकांचं धाबं दणाणलं. त्याच भिंतीला पाठ लावून त्यांची थोरली बहीण एकतीस वर्षं स्टुलावर बसली होती. ताई प्रॉम्प्टर, अडलेल्या नटाला विंगेतून हळूच शब्द देणारी. नाटकाची वही मांडीवर, पेन्सिल अंबाड्यात. प्रयोग संपला की कोण कुठे अडला ते ती त्या भिंतीवर लिहून ठेवायची. कागद हरवतात, भिंत कुठे जाते, असं तिचं म्हणणं. 'इथे अडतो.' 'इथे दोन पानं गाळतो.' 'इथे रडायचं विसरला, खोकून वेळ मारून नेली.' गुडघ्यापासून डोक्यापर्यंत भिंत भरली होती. ताईचं नाव ना कधी जाहिरातीत आलं, ना ती कुठल्या फोटोत दिसली. तिची म्हणून त्या इमारतीत होती ती एवढीच भिंत.

काका तडक बाईंकडे गेले आणि दार नव्हतंच, आपण थाप मारली, असं कबूल केलं. बाई गोड हसल्या. मोठी माणसं अशीच संकोची असतात, म्हणाल्या. शिवाय रेकॉर्डिंग होतं, तीन प्रती होत्या. काका समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणजे त्याच नाट्यगृहाचे एके काळचे नायक. ताई त्यांना पोपट म्हणायची, कारण त्यांनी उभ्या जन्मात एक नाटक पाठ केलं नव्हतं. ताई कुजबुजेल ते खणखणीत म्हणायचं, एवढीच त्यांची कला. एकदा ताईला शिंक आली तर तीही त्यांनी म्हटली, आणि वर टाळी घेतली.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लोक राजपुत्र बघायला येतील, काका," ते म्हणाले. "पेन्सिलीच्या रेघोट्या बघायला कोण येतंय?"

त्या रेघोट्यांत कुणाची लक्तरं टांगली आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभरात कधी चुकून खरं बोललो तरी कुणी विश्वास ठेवला नाही, आणि ठेवला तो नेमका या थापेवर! घरी येईपर्यंत ते रस्त्यातल्या दिव्याच्या दोन खांबांशी आणि एका उभ्या स्कूटरशी भांडले.

घरी निराळाच वणवा. जिची हयात कुजबुजण्यात गेली तिचा राग चढत नाही, उतरतो. जितकी संतापेल तितका आवाज बारीक. ताई चार दिवस बोललीच नाही. पाचव्या दिवशी जे बोलली ते ऐकायला काकांना तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"दार तू पाडलंस ना? आता मला तिथं नेऊन बसव."

पहिला घाव घालायचा समारंभ सकाळी दहाला होता. रंगमंचावर हार, माइक आणि लाल फीत बांधलेला हातोडा. काकांनी मागच्या दाराची जुनी किल्ली चालवली, ताईला डाव्या विंगेत नेलं, भिंतीपाशी सिमेंटचं पोतं आडवं टाकून त्यावर बसवलं आणि आपण शेजारी उभे राहिले.

अध्यक्ष बोलायला उठले. भाषण खिशात होतं, पण रंगमंचावर कागद काढणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. तीन वाक्यं झकास झाली. मग हातोडा उचलून ते म्हणाले, "या भिंतीआड..." आणि अडले. नेहमीसारखेच. मान आपोआप डावीकडे कलली, कान पुढे झाला.

"या भिंतीआड काही नव्हतं," ताईनं दिलं.

"या भिंतीआड काही नव्हतं!" अध्यक्ष गरजले.

"भिंतीपुढे एक बाई बसायची. मी एकही नाटक पाठ केलं नाही. शब्द न् शब्द तिनं दिला."

त्यांनी तेही म्हटलं. 'तिनं'वर हात छातीशी नेला, आवाज कापरा केला. इतकं चांगलं काम त्यांनी ऐन उमेदीतही केलं नव्हतं. "म्हणून ही भिंत पडणार नाही," हे वाक्य पडलं आणि अख्खं नाट्यगृह उभं राहिलं. टाळ्यांनी ते भानावर आले, पण टाळी परत करायची कशी हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

काकांचे डोळे भरून येणार तेवढ्यात शेजारून आणखी बारीक आवाज आला.

"आणि दाराची थाप मारणारा माझा धाकटा भाऊ तिथं विंगेत लपलाय."

"आणि दाराची थाप मारणारा माझा धाकटा भाऊ तिथं विंगेत लपलाय!"

काकांनी पडदा पाडायला दोराकडे हात टाकला. हातात हवा आली. दोर महिन्यापूर्वीच काढून काचेच्या पेटीत ठेवला होता. आठशे माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि हेल्मेटवाल्या बाई वही उघडून मागची पानं भराभर खोडत होत्या.

ताईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अंबाड्यातली पेन्सिल काढून तिनं भिंतीवर तारीख घातली आणि खाली लिहिलं: 'पोपट अडला. सगळंच द्यावं लागलं.' त्याखाली: 'धाकट्याला अजून माफी नाही.'

काका वाकून वाचू लागले, वाचून पुन्हा तापले. चाळीस वर्षं पडदा ओढला, पण भिंतीवर त्यांचा उल्लेख पहिल्यांदाच येत होता, आणि आला तो असा.