बाईंच्या उठाबशा

बाई शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्याच घरात राहिल्या. पण हे तुम्ही वाचलेलंच नाही. अजून काही झालेलं नाही आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई खुर्चीत अडकून बसल्या आहेत.

"हात न लावता उठा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

बाईंनी जोर लावला. खुर्ची करकरली, बाई ढिम्म.

"बघितलंस, आई?" मुलगा म्हणाला. "तीन महिने देतो. हात न लावता सलग पाच वेळा उठलीस तर इथेच राहा. नाहीतर माझ्याकडे, तळमजल्यावर."

"हा जिना मी कायमचा उतरेन तो चौघांच्या खांद्यावरून."

"वयानं मांडीचं मांस झिजलंय, पण परत भरतं," फिजिओथेरपिस्ट घाईने म्हणाली. "प्रत्येक जेवणात अंडं, डाळ नाहीतर दही. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. आणि खुर्चीवरून रोज दहा उठाबशा."

"उठाबशा?" छत्तीस वर्षं वर्ग गाजवलेला आवाज बाहेर आला. फिजिओथेरपिस्ट त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. तिचे हात आपोआप कानांकडे गेले. "माझा गुन्हा काय? गुन्ह्याशिवाय उठाबशा मी कुणाला दिल्या नाहीत. घेणारही नाही."

"मग करा की गुन्हा, बाई!"

बाई शब्दाच्या पक्क्या. सोमवारी त्यांनी शेजारणीच्या पेपरातलं शब्दकोडं शाईने सोडवून पेपर दाराशी परत ठेवला. दहा. मंगळवारी अंडं खाल्ल्याची फोनवर थाप मारली. मग अंडं खाल्लं आणि थापेच्या दहा काढल्या. बुधवारी शेजारणीला म्हणाल्या, "छान गाता हो तुम्ही." दहा. शेजारीण आणखी गायली. वर पाच.

पहिल्या आठवड्यात दर उठाबशीला हात खुर्चीला लागायचे. दुसऱ्या महिन्यात ते छातीशी घडी घालून राहू लागले. तिसऱ्यात हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आल्या आणि गुन्हे पुरेनात. मुलगा आला की त्याचा चष्मा लपायचा.

"आई, चष्मा पाहिलास?"

"नाही," म्हणून बाई आनंदाने खुर्चीकडे वळायच्या.

परीक्षेच्या दिवशी चार वेळा उठल्या. पाचव्यांदा अर्ध्यात अडकल्या. मुलाने न राहवून हात पुढे केला.

"हात मागे! परीक्षेत मदत करतोस?"

रागाच्या त्या झटक्यात बाई ताठ उभ्या राहिल्या. मुलगा हात मागे बांधून बघतच राहिला. लहानपणी तो आईकडे असा भीतीने बघायचा. आज भीती नव्हती, डोळे भरले होते. फिजिओथेरपिस्टने टाळ्या वाजवल्या. विचारून.

दुसऱ्या दिवशी बाई तीन मजले उतरून एक अर्ज टपालपेटीत टाकून आल्या, आणि तीन मजले चढल्याही.

'मा. शिक्षणाधिकारी यांस. अर्जदाराने सेवाकाळात विद्यार्थ्यांना दिलेल्या अंदाजे बेचाळीस हजार उठाबशा "शिक्षा" या रकान्यातून वगळून "आरोग्यसेवा" या रकान्यात घ्याव्यात, आणि त्यांपैकी विद्यार्थ्यांनी चुकवलेल्या सर्व उठाबशा अर्जदाराच्या मांड्यांत पूर्वलक्षी प्रभावाने जमा कराव्यात, ही नम्र विनंती.'