समुद्राकडे पाठ

"अजून जरा मागे सर," थोरली म्हणाली आणि तिने ट्रायपॉडचे पाय काळ्या वाळूत आणखी रुतवले.

धाकटी जाऊ मागे सरली. ज्वालामुखीने केव्हातरी ओकलेली ती वाळू. चुलीतली राख भिजवून पसरावी तशी. मागे दातेरी कडे आणि त्यांच्यावर डोकं आपटून घेणारा समुद्र. अशा काळ्या देखाव्यापुढे कॅमेरा बिचारा गोंधळतो, आपणहून उजेड वाढवतो आणि माणसाचं तोंड पिठाच्या डब्यात पडल्यासारखं दिसतं. थोरलीने उजेड हाताने कमी केला. धाकटीचा चेहरा नितळ झाला. हेही आपल्यालाच करावं लागतं, हे थोरलीच्या मनात आलंच.

कॅमेरा तिचा. गावोगावच्या फिल्मा करायची कल्पना तिची, बोलायची वाक्यं तिची. पहिल्या दिवशी उजेड बघायला म्हणून तिने जावेला घटकाभर समोर उभं केलं, ती अजून उभीच होती. "बाईंच्या डोळ्यांत किती माया आहे," असं लोक फिल्मांखाली लिहीत. कॅमेऱ्यामागे कोण, हे कुणी विचारत नसे. खुद्द थोरलीची आईसुद्धा फोनवर म्हणाली होती, "तुझ्या जावेला बोलायला काय काय सुचतं गं."

वाटेवर पाटी होती: समुद्राकडे पाठ करू नये. इथली एखादी लाट बाकीच्यांना न विचारता दुप्पट आत येते आणि माणसाला ओढून नेते. पण पाठ केल्याशिवाय चित्रण व्हायचं कसं? म्हणून दोघींचं ठरलेलं होतं. समुद्रावर नजर थोरलीने ठेवायची. तिने हात वर केला की धाकटीने वाक्य अर्धं टाकून पळायचं.

धाकटी बोलू लागली. तिच्या खांद्यामागे पाणी फुगलं. चौकटीत ती लाट फार देखणी दिसत होती, लाटेपुढे धाकटीही.

थोरलीचा हात कॅमेऱ्यावरच राहिला. एक वाक्य संपलं. दुसरं सुरू झालं. मग हात वर गेला.

धाकटी धावली, पण पाण्याने तिला गुडघ्यांपाशी गाठलं. पायाखालची वाळू सरकली आणि ती पालथी पडली. थोरली ट्रायपॉड सोडून पुढे झाली तोवर ती रांगत वर आली होती. एक चप्पल समुद्राने ठेवून घेतली होती.

"लागलं का गं?"

"नाही हो. चांगली आली का?"

"काय?"

"लाट. माझ्यामागे बघत तुम्ही थांबलात ना, तेव्हाच म्हटलं, ताईंना काहीतरी झकास सापडलंय."

थोरलीने तिच्या कोपराची वाळू झटकली. झटकून झाल्यावरही झटकतच राहिली.

"तू माझ्याकडे बघत होतीस?"

"मग कुणाकडे बघू? त्या काचेत बघितलं की मला शब्द फुटत नाही. पहिल्यापासून तुमच्याकडेच बघून बोलते." धाकटीने उरलेली चप्पलही काढली. "पुन्हा घेऊ या. भिजलेली आहे तोवर."

"राहू दे आता."

"राहू दे काय? इतक्या लांब आलोय."

ती अनवाणी खाली गेली, ट्रायपॉडपासून पावलं मोजत नेमकी पहिल्याच जागी उभी राहिली आणि समुद्राकडे पाठ केली.

थोरलीने बटण दाबलं. पाणी पार लांब, शहाण्यासारखं पडून होतं. तिने हात वर केला.

धाकटीने मागे वळून पाहिलं. "ताई, लाट कुठाय?"

 थोरलीने हात खाली घेतला नाही.