हातांचा वास

“तेल घातलंयस तू यात.”

लेकीने वाटी नाकाशी धरली आणि लांब सारली.

“तुझ्या घरात औषधाला तेल सापडत नाही, मी काय घाणा घेऊन फिरते?” खानावळ चालवणाऱ्या आईने उलट तिलाच झापलं. चोर तर चोर, वर शिरजोर! तेल ती खानावळीतून आणायची, खोकल्याच्या रिकाम्या बाटलीतून. उकडलेल्या भोपळ्यात रोज अर्धा चमचा. तेवढंच पोरीच्या हाडांना वंगण.

पोरगी आधी अशी नव्हती. पहिल्यांदा मांस सोडलं, तेव्हा आईने मान डोलावली. मग दूध विष झालं. मग धान्य. मध्येच सगळं उलटं फिरलं. नुसतं मांस आणि अंडी, फळ दिसलं तरी अंगावर पाल पडल्यासारखं करायची. दर खेपेला नवा नेम, आणि कालचा नेम पाळणारे सगळे मूर्ख. आता बिनमिठाचा भोपळा. परवा टपाल कचेरीच्या खिडकीत कामावर बसल्या जागी कोसळली. डॉक्टरने आईला बाहेर बोलावलं. “काय खाते ते नंतर बघू. पोटात काहीतरी जाऊ दे. हृदय दमलंय तिचं.”

लेक भिंत धरत मोरीपाशी गेली. भोपळ्याच्या फोडी नळाखाली धरून एकेक चोळू लागली. फोडींचा लगदा झाला आणि वाहून गेला.

“आता तुझ्या हातचं नाही खाणार मी.”

“मग कोणाच्या हातचं खाशील? तुला धड उभं तरी राहता येतंय का?”

लेक तिथेच खाली बसली.

गिरणीतली माणसं या हातांच्या जेवणासाठी रांग लावायची. या हातांना नावं ठेवणाऱ्याला खानावळवालीने पुन्हा पायरी चढू दिली नव्हती. तिने कमरेला खोचलेली तेलाची बाटली काढली, लेकीदेखत मोरीत उपडी केली. दुसरा भोपळा घेतला.

“आधी हात धू.”

तिने धुतले. साबणाने, मग भांड्यांच्या काथ्याने. ओले हात लेकीच्या नाकाशी नेले. लेकीने डोळे मिटून वास घेतला.

“अजून येतोय, आई.”

येणारच. तू पोटात होतीस तेव्हापासून कढईपुढे उभी आहे मी. जन्मात कोणाला तोंडावर उत्तर द्यायचं न सोडलेल्या बाईने एवढं वाक्य गिळलं.

तिने पुन्हा नळ सोडला.