मेल्यानंतर नऊ दिवस तब्येत उत्तम

बेटावरच्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट पाठ होती. एकशे तीस वर्षांपूर्वी एक विधवा दीपगृहात चढली, एका फुंकरीत तिने दिवा विझवला, त्याच फुंकरीत दिवेवाल्याचा श्वास ओढून घेतला आणि खाली जहाज खडकावर फुटलं. फुंकर मारताना श्वास आत ओढता येत नाही, हे आजवर एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या विधवेच्या घराण्याला तेव्हापासून फुंकरवाले म्हणत. त्यांच्यातली शेवटची फुंकरी गेली चौदा वर्षं फेरीबोटीवर दोर ओढत होती.

तिला बोटीचं सुकाणू हवं होतं. कप्तानकाका निवृत्त होणार होते, तिच्याकडे परवाना होता, दुसरा उमेदवार औषधालाही नव्हता. पण बोट समितीचे अध्यक्ष अण्णा, पेशाने किराणा दुकानदार, मान हलवत म्हणायचे, "मुलगी गुणी आहे हो, पण घराणं बघायला नको का?" जणू बोटीशी तिचं लग्नच लावायचं होतं. मंगळवारच्या बैठकीत काय तो निकाल लागणार होता.

सोमवारी सकाळच्या फेरीला लेखिकाबाई तणतणत बोटीवर आल्या. बाई कादंबरी लिहीत होत्या, एक प्रकरण तेव्हाचं, एक आत्ताचं. सहा महिने बेटावर राहून त्यांनी भुतंखेतं गोळा केली होती. आता अभिलेखागारातून दीपगृहाच्या नोंदवहीची नक्कल मिळाली, तर तीच दगा देत होती.

"हे बघ. एवढं वादळ झालं, आणि हा दिवेवाला लिहितो, 'दिवा लावला. हवा स्वच्छ. तब्येत उत्तम.' यात मी थरार कुठून आणू?"

त्याच नोंदीखाली चौकशी अधिकाऱ्याने शेरा मारला होता. नोंदीप्रमाणे दिवा लावला होता, अर्थात तो कोणीतरी विझवला. एक विधवा तेलकट हातांनी जिना उतरताना दिसली होती. झालं, साहेबांनी वही मिटली आणि ते जेवायला गेले.

फुंकरीने पुढचं पान उलटलं. दुसऱ्या दिवशीही दिवा लावला, हवा स्वच्छ, तब्येत उत्तम. तिसऱ्या दिवशीही तेच. असे नऊ दिवस, खाली त्याच माणसाची सही. आणि तो तर वादळाच्या दिवशीच मेला होता; तारीख त्याच्या थडग्यावर कोरलेली होती.

ती पोट धरून हसली. दर रविवारी कप्तानकाका बोटीच्या वहीत असंच अख्ख्या आठवड्याचं काम आगाऊ उरकत. 'बोट वेळेवर. समुद्र शांत.' सात सह्या, आणि पेन हिच्या हातात परत. म्हणजे खापरपणजीने दीपगृह अंधारात पाहिलं, ती तेल घेऊन वर धावली, आणि वर हा गडी मरून आडवा. दिवा लावायला गेलेल्या बाईला चार पिढ्या चेटकीण म्हटलं गेलं. फुंकरीचं हसू कधी थांबलं आणि रडू कधी फुटलं ते तिलाच कळलं नाही.

"पण मग माझी चेटकीण गेली," लेखिकाबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या की. आमची खापरपणजी होती ती."

बैठक पलीकडच्या धक्क्यावर, प्रतीक्षालयात भरली. फुंकरीने नकलेची पानं टेबलावर मांडली आणि सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा पुसून नऊच्या नऊ नोंदी वाचल्या.

"म्हणजे तुझ्या खापरपणजीने मेलेल्या माणसालाही कामाला लावलं," ते म्हणाले.

"आगाऊ लिहून ठेवलंय हो ते, अण्णा."

"सरकारी वही आगाऊ कोण लिहितं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बोटीची वही तिच्या पिशवीत होती. ती उघडली असती तर अण्णांचं तोंड बंद झालं असतं. पण तिला दोरालाही कोणी हात लावू देत नव्हतं, तेव्हा कप्तानकाकांनीच तिला कामावर घेतलं होतं. सुकाणू गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणून तिने पिशवी घट्ट धरली.

"वही दे इकडे," शेजारी बसलेले कप्तानकाका म्हणाले. चाचपडत त्यांनी ती टेबलावर ठेवली. "अण्णा, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मी शनिवारपर्यंत बोट चालवून मोकळा झालोय. वाचा. गुरुवारी समुद्र कसा आहे?"

अण्णांनी पान शोधलं. "शांत," ते पुटपुटले.

"आणि यातली एकही फेरी माझी नाही. दोन वर्षं मला धड दिसत नाही. तुमचा चेहराही दिसत नाही, त्याचं एवढं दुःख नाही म्हणा. मी नुसता केबिनमध्ये बसतो, बोट ही चालवते. रोज तुम्ही हिच्याच हाती जीव देऊन दुकान गाठता."

ठराव मांडायचं कोणाला सुचलं नाही. घरी जायला पाचची एकच बोट होती, तेव्हा मंडळी मुकाट्याने तिच्यात चढली. अण्णांनी एकावर एक दोन जीवरक्षक जाकिटं घातली.

ती केबिनमध्ये गेली, तिने दार सताड उघडं ठेवलं. कप्तानकाका उतारूंच्या बाकावर बसले. चाळीस वर्षांत तिथे कधी बसले नव्हते, त्यामुळे धक्का सुटताच त्यांना मळमळायला लागलं. अण्णा त्यांची पाठ चोळू लागले. तिच्याच्याने ते बघवेना.

"काका," ती मागे वळून म्हणाली, "माझ्यामुळे तुमची..."

"कप्तानाने उतारूंशी गप्पा मारू नयेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "समोर बघ."