टेबलावरचे नमुने

झाकण उघडायच्या रबरी चकतीच्या खालच्या बाजूला ओल होती. तिनं त्यावरून अंगठा फिरवला आणि जिभेला लावून पाहिला. गोड लागलं. स्वयंपाकघरात जाऊन साखरेच्या बरणीला हात घातला, तर झाकण बोटाच्या धक्क्यानं फिरलं. काल झोपण्याआधी तिनंच ते गच्च लावलं होतं, मुंग्यांचा सुळसुळाट झाला होता म्हणून. आणि आज अजून घरात कुणी चहासुद्धा टाकला नव्हता.

नवरा आत दाढी करत होता. त्यानं तर साखर सोडून जमाना झाला होता.

तिनं चकती जिथं होती तिथं, टेबलाच्या कडेला, नीट ठेवून दिली. पदराला हात पुसताना तिला जाणवलं की आपले हात गार पडलेत, पण छातीत मात्र, खोटं कशाला सांगा, बरं वाटतंय.

ती पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होती. बिलं, पावत्या, नटबोल्टांचे भाव, हे रोजचं रहाटगाडगं. पण वर्षाकाठी कंपनी मोठ्या प्रदर्शनात स्टॉल लावायची, आणि तिथं येणाऱ्यांना वाटायची भेटवस्तू निवडायचं काम तिचं असे. ते काम आलं की ती खुलायची. कंपनीचं नाव छापलेली तिची मापपट्टी, तिचा खिशातला पेचकस गावोगावच्या मिस्त्र्यांच्या खिशात वर्षानुवर्षं दिसे. ऑफिसात सगळे म्हणत, ताईंची नजर पारखी.

नजर सासूबाईंची होती. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. नमुने आले की ती ते घरी आणून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मांडून ठेवायची आणि एक अक्षर बोलायची नाही. सासूबाई येता-जाता कशाला तरी हात घालत. जी वस्तू त्यांच्या वापरात रुळली ती उपयोगाची; जिच्यावर धूळ बसली ती परत. एकदा त्यांना हा डाव कळला, तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, फुकटची वस्तू देणं सोपं आहे. पण घेणाऱ्याच्या घरी ती अडगळ झाली, तर त्याचं पाप देणाऱ्याच्या माथी."

गेल्या वर्षी त्या आजारपणानं अंथरुणातून फारशा उठत नसत. तिनं एकटीनं, घाईघाईत, चकचकीत टेबलघड्याळं निवडली. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी फाटकाजवळच्या कचरापेटीत साहेबांना ती ढिगानं दिसली, कंपनीचं नाव वर करून पडलेली. साहेब वयानं तिच्याहून बरेच लहान, आवाज चढवणाऱ्यातले नव्हेत. यंदा त्यांनी सरळ सांगितलं, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत वस्तू ठरवा. या खेपेलाही तसंच झालं तर पुढच्या वर्षीपासून हे काम बाहेरच्या एजन्सीला देऊ, तुम्ही बिलांकडे बघा.

सासूबाई तर गेल्या होत्या. तरी ऑफिसात भेटवस्तूंचे नमुने घेऊन येणाऱ्या काकांनी पिशवी रिकामी केली तेव्हा तिनं सवयीनं सगळं घरी आणलं आणि मांडलं. झाकण उघडायची रबरी चकती, पत्त्याच्या पानाएवढं पातळ भिंग, बोटाएवढी टॉर्च, आणि दाबायचा स्पंजाचा एक चेंडू. चेंडू पाहून ती काकांना म्हणाली होती, हा कोण घेणार, पोरंटोरं? काका म्हणाले, राहू द्या हो ताई, त्याला काय खायला घालावं लागतंय?

आता चकती ओली होती.

दुसऱ्या सकाळी भिंग वर्तमानपत्रावर सापडलं, शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिरातींवर. त्या जाहिराती सासूबाई सोडून या घरात कुणी वाचल्या नव्हत्या. "कुणाचं काय हरवलंय ते तरी कळतं," असं त्या म्हणायच्या. टॉर्च त्यांच्या रिकाम्या पलंगाच्या उशाशी निघाली, हाताला ऊन लागत होती. आणि चेंडू. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा टेबलावरचा चेंडू चेपलेला होता, चार बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटलेले. आणि ती बघत असतानाच तो हळूहळू फुगत पुन्हा गोल झाला.

कप खाली ठेवताना तिच्याकडून थोडा चहा सांडला. पण ती पळाली नाही. तिनं खुर्ची पुसली आणि टेबलापासून जराशी ओढून ठेवली, कुणाला बसायचं असेल तर अडचण नको म्हणून.

त्या दिवशी ऑफिसात ती गाणं गुणगुणत होती म्हणे.

मग एका सकाळी साखरेचं झाकण घट्टच होतं. चकती कोरडी. तिनं मनाला समजावलं, एखाद्या दिवशी नको वाटतं गोड. पण त्यानंतर चकतीला कुणी हात लावलाच नाही. दोन दिवसांनी भिंगही जिथल्या तिथं राहिलं, आणि वर्तमानपत्राची घडी कुणी मोडली नाही. मग टॉर्च. ती उशाशी गेली नाही; तिनं स्वतः नेऊन ठेवली, तर सकाळी तिथंच, थंडगार.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. वस्तू वाईट नव्हत्या. सासूबाईंची गरज सुटत चालली होती. आधी खाणं सुटलं, मग वाचणं, मग उजेड.

तिनं नमुनेवाल्या काकांकडे धाव घेतली. गरम पाण्याची पिशवी आणली, मऊ रुमाल आणले, पाठ खाजवायची काठी आणली, उबदार मोजे आणले. काका चक्रावले. म्हणाले, "ताई, पंपाचं प्रदर्शन आहे की म्हाताऱ्यांचा आश्रम?" ती हसली, पण थैली भरून घेतलीच. टेबलावर जागा उरली नाही. एकाही वस्तूला हात लागला नाही. चेंडू तेवढा रोज चेपलेला सापडायचा, दर वेळी बोटांचा ठसा आदल्या दिवसापेक्षा उथळ.

गुरुवारी सकाळी ती मोज्यांची जागा बदलत होती. कधी खुर्चीजवळ, कधी पलंगाजवळ. नवरा दारात उभा राहून बघत होता. टेबलाबद्दल तो आजवर चकार शब्द बोलला नव्हता. सकाळी चेपलेला चेंडू दिसला की तो वळसा घालून जायचा, एवढंच. तिला वाटे, त्याच्या लक्षातच येत नाही.

"अजून किती आणणार आहेस?" त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "ऑफिसचं आहे. उद्या द्यायचंय ठरवून."

"जाऊ दे आता आईला," तो म्हणाला. "इतकं मांडून ठेवलंस, तर तिचा पाय निघेल का गं इथून?"

तिला रडू आलं, पण त्याच्यासमोर नको म्हणून ती मोजे जुळवत बसली. मग एकेक वस्तू थैलीत भरली. तोही मदतीला आला. टेबल मोकळं झालं. चेंडू तेवढा तिनं राहू दिला. तो उचलायला हातच धजेना.

शुक्रवारी सकाळी चेंडू गोल होता. तिनं खूप वेळ वाट पाहिली. चहा निवला. चेंडू गोलच राहिला. मग तिनं तो उचलला आणि पर्समध्ये टाकला.

ऑफिसला जाताना बसमध्ये तिचा हात आपसूक पर्समध्ये गेला आणि तिनं तो चेंडू दाबला. पुन्हा दाबला. उतरेपर्यंत तो तिच्या मुठीतच होता.

साहेबांनी चेंडू उलटसुलट करून पाहिला. मान हलवली. हे खेळणं आहे, म्हणाले, यापेक्षा घड्याळ बरं. ती शांतपणे म्हणाली की आपल्या स्टॉलवर येतात ते मिस्त्री, दिवसभर पाना धरून धरून त्यांची बोटं आखडतात. संध्याकाळी घरी बसल्या बसल्या हातात काहीतरी मऊ असावं. मग साहेबांनी दर वर्षी विचारत तेच विचारलं.

"घरी वापरून बघितलंय का कुणी?"

दर वर्षी ती म्हणायची, हो, घरी पसंत पडलंय.

"मी," ती म्हणाली. "मी वापरलाय."

साहेबांनी चेंडू एकदा दाबून पाहिला, आणि मागणी टाकायला सांगितलं.

काम आटपायला उशीर झाला. ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कुलूप काढून तिनं दार लोटलं, आणि उंबऱ्यातच थबकली. आत मिट्ट काळोख होता. या घरात आल्यापासून तिनं दार उघडलं की बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला असायचा. सासूबाई गेल्यानंतरच्या या काही महिन्यांतही असायचा. नवरा तर तिच्यानंतर घरी येई. तो दिवा कोण लावतं, हे विचारायचं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

चपला काढून ती आत आली. बटण दाराच्या कोणत्या अंगाला आहे, हेही तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. अंधारात भिंतीवर तळवा फिरवत ती ते शोधत राहिली.