तिसरा खटका

कारखान्यानं कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्याबरोबर मलाही आणलं. त्र्याहत्तर साल होतं. त्याआधी मी मुंबईला एका गिरणीच्या ऑफिसात असलंच यंत्र चालवायचो आणि खानावळीत जेवायचो. माझी बायको मुक्ता काष्टीला माझ्या आईवडिलांजवळ राहायची. लग्नाला चार वर्षं झाली, तरी आमचा संसार असा दोन गावांत. प्रवरेकाठच्या या साखर कारखान्यानं मला नोकरी आणि कॉलनीत क्वार्टर दिलं, मुक्तानं दारात कढीपत्ता लावला, आणि पहिल्याच महिन्यात ते यंत्र माझ्या जिवावर उठलं.

कॉम्प्युटर नवाकोरा येतो तेव्हा ठार अडाणी असतो. काय वाचायचं, कुठं लिहायचं, कशानंतर काय करायचं, ही सगळी अक्कल एका तबकडीत भरून येते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. परातीएवढी ती तबकडी यंत्रात सरकवायची, समोरच्या फळीवर खटक्यांची रांग असते तिच्यातला तिसरा खटका वर करायचा, बाकीचे खाली ठेवायचे आणि कळ दाबायची. मग ती अक्कल यंत्राच्या पोटातल्या पक्क्या तबकडीवर उतरू लागते. तासभर लागतो. तेवढ्यात तिसरा खटका खाली आला, की यंत्र समजतं साहेबांनी थांब म्हटलंय, आणि झालेलं सगळं वाया जातं.

आमच्याकडे ते रोज वाया जात होतं.

सकाळी मी यंत्र सुरू करायचो. तेवढ्यात पलीकडच्या कचेरीत कॉम्प्युटर कंपनीला पुण्याला लावलेला ट्रंक कॉल लागायचा, शिपाई हाका मारायचा, मी धावत जायचो. परत येऊन पाहावं तर तिसरा खटका खाली आणि यंत्राला जोडलेल्या टेलिप्रिंटरच्या कागदावर छापलेलं, ‘एरर सात’. पुस्तक उघडलं. त्यात एरर सातपुढे एवढंच लिहिलेलं, की ऑपरेटरनं काम मध्येच थांबवलं आहे.

"अहो, ऑपरेटर मीच आहे!" मी फोनवर कंपनीच्या इंजिनिअरला ओरडून सांगत होतो. "आणि मी इथं तुमच्याशी बोलतोय!"

"मग दुसऱ्या ऑपरेटरनं थांबवलं असेल," तो पुण्याहून शांतपणे म्हणाला.

"दुसरा नाहीये! सबंध कारखान्यात मी एकटाच आहे! शुक्रवारी संचालक मंडळ यंत्र बघायला येतंय. चाललं नाही तर चेअरमन आबासाहेब ते परत पाठवतील आणि माझी नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?"

ट्रंक कॉलवर बेंबीच्या देठापासून ओरडावंच लागतं. त्यामुळे यातलं पुण्याला किती कळलं देव जाणे, पण कचेरीच्या व्हरांड्यात झाडून सगळ्यांना कळलं.

खटका सैल असेल म्हणून मी कारखान्याचे वायरमन गनीभाई यांना बोलावलं. त्यांनी फळी उघडली, खटका हलवून पाहिला, फळी बंद केली. "खटका एकदम टाईट हाय, साहेब. कुनी तरी खाली केल्याबिगर व्हत न्हाई."

"कोण करणार? खोलीत मुंगी शिरत नाही!"

"मग उंदीर आसंल," गनीभाई म्हणाले. ते चेष्टा करत होते हे न कळण्याइतका मी कावलेला होतो. मी खरंच उंदराचा पिंजरा आणून लावला. एक दिवस तर ट्रंक कॉलला गेलोच नाही, खटक्यावर नजर ठेवून खुर्चीत बसून राहिलो. त्या दिवशी खटका जागचा हलला नाही. लाईट गेली.

घरी चिडचिड करत जेवायला बसलो. मुक्तानं पानात भाकरी वाढली. मग म्हणाली, "अहो, कढीपत्ता कुंडीत लावून घेऊ का? म्हणजे जाताना नेता येईल." मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी बाजारातून तिनं खरोखरच एक कुंडी आणून दारात ठेवली.

गुरुवारी मी यंत्र सुरू केलं. शिपायानं हाक मारली. मी ‘आलो’ म्हणून बाहेर पडलो आणि कचेरीकडे न जाता खिडकीआड उभा राहिलो.

थोड्या वेळानं लंकाबाई आली. कचेऱ्यांची झाडलोट तिच्याकडे होती, आणि मी असताना ती संकोचानं आत येत नसे. तिनं बादली टेकवली, हात पदराला पुसले, यंत्रासमोर वाकली, आणि देवाच्या पायांवरून फिरवावा तसा खटक्यांच्या रांगेवरून वरून खाली तळहात फिरवून कपाळाला लावला. खट्ट! टेलिप्रिंटर खडखडला, त्याची घंटी वाजली. तिनं घंटी ऐकून पुन्हा हात जोडले.

"लंकाबाई!"

मी आत घुसलो तो बादलीला लाथ बसून पाणी सांडलं. तोंडाला येईल ते मी तिला बोललो. आठवडाभराचा सगळा राग त्या बाईवर काढला. ती भिंतीला टेकून उभी होती.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला याला हात लावायला?"

"कुनी न्हाई, सायेब. तुमी फोनवर वरडत हुता ना, यंत्र चाललं न्हाई तर नोकरी जाईल म्हनून. कारभारीन बी रडत हुती नळावर. मंग म्या रोज येऊन यंत्राला सांगत हुते, बाई, आमच्या सायबाला येश दे."

मुक्ता नळावर रडत होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी मटकन खुर्चीत बसलो. दारात चपला काढा म्हणून मीच सगळ्यांना दरडावलेलं. आत गारवा, मधूनच घंटी, आणि कुणी शिवायचं नाही. मग या बाईनं दुसरं काय समजायचं होतं? मी जितका ओरडत होतो तितकी ती कळवळून मागत होती, आणि जितकी मागत होती तितकं ते बंद पडत होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं माझं, लंकाबाई," मी म्हणालो. "मागा, पण लांबून मागा. हात लागला की ते थांबतं."

"लांबनं पोचंल का?"

"पोचेल."

त्या दिवशी दुपारी पुन्हा लाईट गेली. शुक्रवारी सकाळी मी देवाचं नाव घेऊन पुन्हा सुरुवात केली. लंकाबाईनं दार अडवलं, गनीभाईंनासुद्धा आत सोडलं नाही. काम संपत आलं होतं, आणि तेवढ्यात जीपचा आवाज आला. चेअरमन आबासाहेब वेळेआधीच आले होते. मागे सगळं संचालक मंडळ. चपला दाराशी काढून सगळे आत शिरले.

"हाच का तो?" म्हणत आबासाहेबांनी टोपी सारखी केली, यंत्रापुढे वाकले आणि नमस्काराला हात पुढे केला. तळहात सरळ खटक्यांवर चालला होता.

पुण्याच्या इंजिनिअरवर ओरडणारा, लंकाबाईवर तुटून पडणारा मी, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आबासाहेबांना ‘नको’ कसं म्हणायचं?

"आबासायेब, शिवू नका!" दारातून लंकाबाई ओरडली. "हात मागं घ्या! लांबनंच!"

आबासाहेबांचा हात तसाच हवेत. त्यांनी वळून पाहिलं. लंकाबाईच्या हातात फडकं होतं, आणि तिनं नजर खाली घेतली नाही.

आबासाहेबांनी हात मागे घेतला. दोन पावलं सरकून त्यांनी लांबूनच नमस्कार केला. त्यांचं बघून सगळ्या मंडळानं हात जोडले. ते तसे उभे असतानाच टेलिप्रिंटर खडखडला, घंटी वाजली, आणि कागदावर एक ओळ उमटली.

"काय म्हणतंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"तयार आहे म्हणतंय, काम सांगा," मी म्हणालो.

सगळे गेल्यावर लंकाबाई हळूच आत आली. यंत्रापासून चांगली हातभर लांब उभी राहिली.

"पोचलं न्हवं, सायेब?"

"पोचलं," मी म्हणालो. संध्याकाळी मुक्ताची ती रिकामीच राहिलेली कुंडी आम्ही दोघांनी लंकाबाईच्या घरी नेऊन दिली.